रखवालदाराचा नववा मृत्यू

१

एबल क्रॅडॉक पुन्हा मेला होता.

पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांनी ही बातमी अगदी थंडपणे दिली. "एबल खुर्चीत बसलेला आहे. त्याचा हात गार पडला आहे. आज दीपगृहाचा दिवा लागणार नाही." नोला टॅपसेलने चष्मा कपाळावर सरकवला आणि वहीच्या समासात आठ रेघा होत्या तिथे नववी ओढली. सोमवारचे अकरा वाजत होते, डोंगरावर बर्फ होतं, आणि खालच्या दुकानात शिडं शिवणारं यंत्र घरघरत होतं.

एबल हा काही हाडामांसाचा माणूस नव्हे. होबार्टच्या धक्क्यासमोरच्या त्या माडीवर चार माणसं मिळून एक संगणकाचा खेळ बनवत होती, त्यातला तो म्हातारा रखवालदार. खेळात चित्रं नव्हती. यंत्र सांगायचं तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे. तुम्ही टाइप करायचं, 'कंदील घे', 'दार उघड', आणि यंत्र पुढचं सांगायचं. एबलला त्याचं औषध नेऊन द्यायचं, तो हुशारतो, दिवा लावतो, खडकावर येणारं जहाज वाचतं. असा सगळा मामला. नोलाचं काम खेळ पुन्हा पुन्हा खेळून चुका धरायचं. आणि तिच्या हातून एबल सारखा मरत होता.

"इतर कुणाच्या हातून मरत नाही," गॅरेथ पायबस म्हणाला. कंपनी त्याची. तो तिच्या टेबलाला टेकून उभा होता आणि तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता. "तुम्ही वहीतून वाचलंत तसं टोबीने दहा वेळा खेळून पाहिलं, नोला. दहाच्या दहा वेळा म्हातारा ठणठणीत."

"मग टोबीच्या नशिबाने. माझ्याकडे नऊ मढी आहेत."

"हे बघा. तुम्ही मध्येच काहीतरी दोनदा करत असाल आणि विसरत असाल. होतं असं. या वयात..." पुढचं त्याने गिळलं, पण जेवढं बोलला तेवढं पुरेसं होतं.

नोला सत्तावन्न वर्षांची होती. तिची आई अठ्ठावन्नाव्या वर्षी चहात दोनदा साखर घालायला लागली. मग तिसऱ्यांदा. पुढे एका सकाळी तिने नोलालाच विचारलं, "बाई, तुम्ही कोण?" हे पायबसला ठाऊक नव्हतं, म्हणून नोलाने त्याला माफ केलं.

"गुरुवारी तीनला मूळ डिस्क मेलबर्नला जाते," तो म्हणाला. "नाताळच्या प्रती तिथे निघतात. तोवर पुरावा द्या, नाहीतर तो रिपोर्ट मागे घ्या. नंतर तुम्ही टपाल बघा. खेळ तपासायला मी दुसरं कुणीतरी शोधतो."

"गुरुवार तीन," नोला म्हणाली आणि वहीचं कोरं पान उघडलं.

२

पहिली गाठ अर्सुला केर्नची. खेळातलं वाक्यन् वाक्य तिने लिहिलेलं. पंचेचाळिशीची, जिभेला धार, आणि दुपारच्या आत शिंपल्यांची करी भरलेल्या दोन पेस्ट्र्या फस्त करणारी. तिसरीचे तुकडे तिच्या स्वेटरवर होते.

"तुझ्या एबलला कोण मारतं?" नोलाने बसता बसताच विचारलं.

"मी तर नाही. मला आवडतो तो. माझ्या काकासारखा आहे, फक्त कमी पितो." अर्सुलाने आपली जाडजूड फाइल ओढली. "हे बघ. त्याला मरायला पूर्ण खेळात एकच वाट ठेवली आहे मी. हृदयाचं औषध. एकदा दिलं तर बरा होतो. दोनदा दिलं तर सहा चालींनी जातो. लगेच नाही, खेळणाऱ्याला वाटावं सगळं छान चाललंय."

"दुसरी वाटच नाही? पडून, बुडून, थंडीने?"

"एकच. औषध दोनदा."

नोलाने ते लघुलिपीत टिपून घेतलं.

"आणि दुसऱ्यांदा देताना पडद्यावर काही येत असेल ना?"

"येतं की. 'एबल तोंड वाकडं करून पितो.' पहिल्यांदाही तेच. पण तू औषध दिल्यावर काय करतेस?"

"जिना चढते."

"झालं मग. खेळातली खोली, म्हणजे जागा, बदलली की पडदा कोरा होतो. वाक्य एकदा आलं की दहादा, कोण बघतंय."

नोला उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "एक राहिलं. तुझा खेळ फार उद्धट आहे हं. नुसता कंदील उचलला तरी म्हणतो, 'आहे ना तुझ्याकडे? की दोन हवेत?' पहिल्याच आठवड्यात मी मनात म्हटलं, ही अर्सुला आपल्यालाही टोमणे मारते, खेळातही मारते."

अर्सुलाचा घास हातातच राहिला. "पहिल्यांदा उचलताना?"

"दर वेळी."

"नाही गं. ते वाक्य मी एकाच माणसासाठी लिहिलंय. ज्याने उचललेली वस्तू पुन्हा उचलली त्याच्यासाठी."

खालचं शिलाईयंत्र थांबलं होतं. नोलाला आपल्या आईच्या हातातला साखरेचा चमचा दिसला.

३

टोबी लिंचला लहान बाळ होतं, त्यामुळे तो आठवडाभर झोपलेला नव्हता. खेळाडूने टाइप केलेलं वाक्य फोडायचं, त्यातून काय करायचं ते काढायचं आणि ते पुढे कळवायचं, हा भाग त्याचा. त्याला तो पार्सर म्हणायचा. नोला कारकून म्हणायची, कारण तो कारकुनासारखाच वागायचा: दिलेल्या कागदावर जे आहे तेच करायचं, अक्कल चालवायची नाही.

"तुझा कारकून एकच काम दोनदा करतो का रे?"

"मिसेस टॅपसेल, त्याने एकदा केलं तरी उपकार." टोबीने डोळे चोळले. "हे बघा, सोपं आहे. जागा सोडली की शब्द संपला. पूर्णविराम आला की वाक्य संपलं. वाक्य संपलं की ते मागच्या खोलीत, म्हणजे आज्ञा पार पाडणाऱ्या भागाकडे, पाठवायचं. मागे त्याचं काय होतं, ते पायबसचं. मी यायच्या आधीचं आहे ते, मी तिकडे हात लावत नाही."

"मग एकाच ओळीत दोन वाक्यं लिहिली तर?"

"एकामागून एक पाठवतो. तेवढीच तर आपली शेखी आहे. जाहिरातीत छापलंय ते."

"बैस. माझ्या वहीवरून खेळ. मी वाचते."

नोलाने लघुलिपीतून वाचायला सुरुवात केली. टोबी टाइप करत गेला. कंदील. दार. कपाट, बाटली, एबल, जिना. कुठेही टोमणा नाही, कुठेही कुरबुर नाही. म्हातारा उठला, दिवा लावला, जहाज वळलं. "अकरावी वेळ," टोबी म्हणाला. त्याला तिची दया येत होती आणि ते दिसत होतं, म्हणून नोलाला त्याचा रागच आला.

"तो कोपऱ्यातला आकडा कसला?"

"चालींचा. तुम्ही किती आज्ञा दिल्या ते मोजतो. एकतीस."

नोलाने वही मोजली. एकतीस. बरोबर. ती आपल्या टेबलापाशी गेली. सकाळचा खेळ तिने बंद केला नव्हता. एबल अजून खुर्चीत गार बसलेला होता. कोपऱ्यातला आकडा तिने आजवर कधी पाहिलाच नव्हता. आता पाहिला.

अडतीस.

वहीत एकतीस. यंत्राच्या हिशेबी अडतीस. सात आज्ञा तिने दिल्या होत्या आणि त्या तिच्या वहीत नव्हत्या, डोक्यातही नव्हत्या.

४

मंगळवारी ती कामावर आली, बुधवारीही. रात्री तिने स्वयंपाकघरातल्या कपाटावर कागद लावला होता: दूध आणलं, मांजराला दिलं, दार लावलं. प्रत्येक गोष्टीपुढे रेघ. दोन दिवसांत एकही रेघ दोनदा पडली नाही. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मांजर मात्र जेवणाच्या वेळीच ओरडत होतं, हाच काय तो आधार.

पण हार मानायची तिला सवय नव्हती. एकवीस वर्षं तिने एका सरकारी खात्याचा टायपिंग विभाग सांभाळला होता. अठ्ठावीस मुली, अठ्ठावीस यंत्रं, आणि नोलाचं टेबल सगळ्यांच्या पुढे, त्यांच्याकडे पाठ करून. खात्याने विभाग बंद केला तेव्हा साहेबांनी तिला फुलदाणी दिली. फुलदाणी तिने बहिणीला देऊन टाकली आणि पुढच्याच सोमवारी इथे अर्ज केला.

"मी विसरले असेन तर विसरले," तिने स्वतःलाच बजावलं. "पण आधी शोधून काढू. मग रडू."

गुरुवारी सकाळी पायबस आपल्या टेबलावर खेळ चालवून पाहत होता. त्याला दोनच बोटांनी टाइप करता यायचं. किनाऱ्यापासून दीपगृहापर्यंत खेळात एक लांबलचक बांध होता, चौदा खोल्यांचा. पायबसने एकदा 'पूर्वेला जा' लिहिलं, ओळ पाठवायची कळ दाबली, आणि मग ती एकच कळ टकटक टकटक दाबत राहिला. पडद्यावर बांध भराभर मागे पडत गेला.

नोला चहाचा कप घेऊन त्याच्यामागे उभी राहिली. "हे काय करताय?"

"काही नाही. चालतोय."

"तुम्ही तर काहीच लिहीत नाही."

"ती माझी जुनी सोय आहे." तो ओशाळून हसला. "जानेवारीत सगळं मी एकट्याने बांधत होतो. दर वेळी तेच लिहायचा कंटाळा आला. म्हणून मागच्या खोलीत सांगून ठेवलं, रिकामं वाक्य आलं की आधीचंच पुन्हा कर."

"टोबीला माहीत आहे?"

"टोबीने कधी विचारलं नाही."

नोलाने कप खाली ठेवला. रिकामं वाक्य म्हणजे आधीचंच पुन्हा. औषध दे, आणि मग रिकामं वाक्य, म्हातारा मेला. कंदील घे, आणि मग रिकामं वाक्य. 'की दोन हवेत?' सगळं जुळत होतं, एक सोडून. तिने रिकामी ओळ आयुष्यात कधी पाठवली नव्हती. पाठवली असती तर बोटाला कळलं असतं, आणि नसतं कळलं तर मग पायबस म्हणतो तेच खरं.

साडेबारा वाजले होते. तिने टोबीला हाक मारली.

"पुन्हा खेळ. वही तूच वाच, मी मध्ये बोलणार नाही. तुझ्यासाठी साध्या अक्षरांत उतरवली आहे."

"तुम्ही बघणार नाही?"

"मी ऐकणार." तिने खुर्ची फिरवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली.

टोबीला वाटलं असेल, बाई खरंच कामातून गेल्या. नोलाने डोळे मिटले. अठ्ठावीस यंत्रांच्या खडखडाटात तिला न वळता कळायचं की चौथ्या रांगेतल्या डोरीनने ओळ चुकवली. इथे तर एकच यंत्र होतं. कळांची किरकिर वेगळी, स्पेसबारचा ठोका वेगळा, जड. शब्द, ठोका. शब्द, ठोका. पूर्णविराम, ठोका, शब्द.

तिने डोळे उघडले.

"थांब. पूर्णविरामानंतर काय दाबलंस?"

"जागा सोडली."

"किती?"

"किती म्हणजे? एक."

नोलाने आपला उजवा अंगठा वर केला आणि त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग ती उठली आणि म्हणाली, "पायबसना बोलाव. अर्सुलालाही. आणि घड्याळाकडे बघू नकोस, वेळ भरपूर आहे."

५

चौघंही पायबसच्या टेबलाभोवती जमली. अर्सुलाने पेस्ट्री आणली होतीच. खिडकीबाहेर दक्षिणेचा वारा तावदानं हलवत होता.

"खून दोघांनी मिळून केला," नोला म्हणाली. "एकट्याच्या हातून झाला नसता. म्हणून तो कुणाला सापडत नव्हता."

"कुठले दोघं?" पायबसने विचारलं.

"एक तुम्ही. एक मी."

अर्सुला चावायची थांबली.

"आधी आकडे बघू. वहीत एकतीस आज्ञा, माझ्या यंत्रावर अडतीस. सात जास्त. मला वाटलं सात वेळा मला भूल पडली. आज वही पुन्हा पाहिली. मी प्रत्येक खोलीत थांबते, नकाशात रेघ ओढते, म्हणून चालायची आज्ञा नेहमी ओळीच्या शेवटी असते. पण त्याआधीचं काम मी त्याच ओळीत लिहिते. 'औषध दे', पूर्णविराम, 'वर जा'. अशा ओळी मोजल्या. सात आहेत. वस्तू उचलून लगेच वापरलेल्या धरून, बरोबर सात."

"पण माझ्याकडे त्याच सात ओळी लिहूनही एकतीसच आले," टोबी म्हणाला.

"कारण तुला टायपिंग कुणी शिकवलंच नाही. मला मिसेस ग्रिमवेडने शिकवलं, पट्टी हातात घेऊन. पूर्णविरामानंतर दोन जागा. एक सोडली की बोटावर फटका. चाळीस वर्षं झाली, अंगठा विचारत नाही, आपला दोनदा पडतो. लघुलिपीत जागा लिहीत नाहीत, म्हणून वहीत ते उतरलंच नाही, आणि वहीवरून खेळणाऱ्याला ते कळणंही शक्य नव्हतं. आता टोबी, तू सांग. पूर्णविरामानंतरची पहिली जागा तुझा कारकून काय करतो?"

"सोडून देतो."

"आणि लगेच दुसरी आली तर?"

टोबी सांगायला गेला आणि मध्येच थांबला. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "जागा आली म्हणजे शब्द संपला. पण शब्द तर आलाच नाही. रिकामा शब्द... रिकामा शब्द म्हणजे वाक्य संपलं, असं मी धरलंय. म्हणजे तो एक रिकामं वाक्य मागे पाठवतो." त्याने डोकं धरलं. "आणि मागे काही होत नाही, असं मला वाटत होतं."

"मागे पायबस बसलेत," नोला म्हणाली. "त्यांनी सांगून ठेवलंय, रिकामं आलं की आधीचंच पुन्हा. बिचारा कारकून! त्याने सांगितलं तेच केलं. एबलला दुसरा डोस पाजला, आणि मी जिना चढले तसा पडदा पुसला गेला."

पायबसने घसा साफ केला. "हा तर्क झाला, नोला. पुरावा म्हणजे..."

"बसा. तुम्हीच टाइप करा. मी कळीला हात लावणार नाही."

त्याने दोन बोटांनी सुरुवात केली. ती सांगत गेली. कंदील उचलताना ती म्हणाली, "पूर्णविराम. जागा. अजून एक जागा." पडद्यावर उमटलं: 'आहे ना तुझ्याकडे? की दोन हवेत?' अर्सुला खुदकन हसली. पुढे बाटली आली. औषध दे, पूर्णविराम, जागा, जागा, वर जा. पडदा कोरा झाला. पायबस आता प्रत्येक कळ हळूहळू दाबत होता. सहा चालींनंतर एबल क्रॅडॉक दहाव्यांदा मेला, आणि या वेळी मालकाच्या हातून. कोपऱ्यात अडतीस.

नोलाला तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. इतकं हलकं वाटलं की खाली बसावंसं वाटलं, म्हणून ती बसली.

"बरं," पायबस म्हणाला. "सापडलं. मग सोपं आहे. तुम्ही एकच जागा सोडत चला."

"मी सोडेन. आणि बाकीच्या?"

"कोण बाकीच्या?"

"माझ्या अठ्ठावीस मुली. मिसेस ग्रिमवेडच्या वर्गातल्या. देशभरच्या प्रत्येक ऑफिसात टाइप करणाऱ्या बाया. नाताळला त्यांच्या घरी हा खेळ जाईल, त्या नवऱ्यामुलांना बाजूला सारून खेळायला बसतील, आणि प्रत्येकीच्या हातून म्हातारा मरेल. मग त्यांना घरचे काय सांगतील? आई, तू विसरतेस." तिने अंगठा पुढे केला. "माझा अंगठा बदलायला तयार आहे मी. पण चूक त्याची नाही."

या वेळी पायबसने खिडकीबाहेर बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं. "टोबी, किती वेळ लागेल?"

"जागा कितीही आल्या तरी गिळायच्या, दहा मिनिटं. पण तुमची ती सोयही काढावी लागेल. ती राहिली तर पुन्हा कुठून तरी डोकं वर काढेल."

"माझा बांध," पायबस पुटपुटला. "चौदा वेळा लिहायचं आता."

"टाइप शिका," अर्सुला म्हणाली. "पट्टी मी आणते."

पावणेतीनला नोला आपल्या यंत्रापाशी बसली. आपल्या नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या अंगठ्याने सगळा खेळ खेळली. कंदील उचलला, कुणी टोमणा मारला नाही. औषध दिलं, जिना चढली, नकाशात रेघ ओढली. एबल खुर्चीतून उठला. "म्हातारा काडी ओढतो. दिवा लागतो. दूर अंधारात एक जहाज तोंड फिरवतं." कोपऱ्यात एकतीस होते. तिने वही मिटली.

डिस्क न्यायला माणूस खाली आला होता. पायबस रिपोर्टचा कागद टाइपरायटरला लावून बसला. चूक काय होती ते त्याने लिहिलं, कशी काढली तेही लिहिलं, आणि सहीसाठी कागद ओढायला हात पुढे केला.

"एक ओळ राहिली," नोला त्याच्या खांद्यामागून म्हणाली.

त्याला कळलं. त्याने कागद पुन्हा नीट केला आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, लिहिलं: परीक्षकाने औषध एकदाच दिले होते. पूर्णविराम दाबून तो थांबला आणि अंगठा स्पेसबारवर ठेवून तिच्याकडे वळला.

"दोनदा," नोला म्हणाली.

ठोका पडला, मग आणखी एक, आणि त्यापुढे पायबसने कुणी न सांगता लिहिलं: ती काही विसरलेली नव्हती.